रक्तदाब आणि रोजची गोळी

ह्या शाळेंत गेल्या बारा वर्षांत जे जे विद्यार्थी शिकून गेले, त्यांतील प्रत्येकास आमचे घंटा देणारे मामा ठाऊक आहेत. सकाळीं अकराच्या ठोक्यास त्यांची घंटा झाली नाहीं, असा दिवस कोणास आठवत नव्हता. परंतु २०२३ सालच्या जुलै महिन्यांत, मुसळधार पाऊस पडत असतां, एके सोमवारीं अकरा वाजून गेले तरी घंटा झाली नाहीं. आम्ही व्हरांड्यांत जाऊन पाहतों, तों मामा घंटेखालच्या बांकावर एका अंगावर कललेले; हातोडी उजव्या हातांतून गळून खालीं पडलेली; कांहीं बोलूं पाहत होते, पण तोंड वाकडें होऊन शब्द नीट उमटत नव्हते. रुग्णालयांत नेलें तेव्हां त्यांचा रक्तदाब २१०/१२० भरला. अर्धांगवायूचा झटका आला होता. मामा वांचले, वाणीहि पुष्कळशी परत आली, उजवा हात मात्र अद्यापि कामाचा नाहीं.

डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारिला तो हा, कीं ह्यांस रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या काय? मामींनीं घरून एक पत्र्याचा डबा आणिला. त्यांत गोळ्यांचीं चार पाकिटें होतीं. त्यांपैकीं तीन तर उघडलेलींहि नव्हतीं. फेब्रुवारीनंतर मामांनीं गोळी घेतलीच नव्हती. ती कां घेतली नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें. आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. मामा तीन वर्षें रोज नेमानें गोळी घेत असत. फेब्रुवारींत शाळेंत आरोग्यतपासणी झाली, तींत त्यांचा रक्तदाब १२८/८२ निघाला. आंकडा पाहून आम्हींच कौतुकानें म्हटलें होतें, "मामा, आतां तुम्ही अगदीं बरे झालांत!" शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणून मामांनीं तो खरा मानिला.

तो शब्द खरा नव्हता. मामा बरे झाले नव्हते. गोळी आपलें काम करीत होती, इतकेंच. ह्या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, हें आम्हांस त्या दिवशीं ठाऊक असतें तर आम्ही जपून बोललों असतों. त्यानंतर ह्या विषयावर जें वाचिलें व डॉक्टरमंडळींस विचारून जें समजून घेतलें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावें म्हणून येथें देत आहों.

रक्तदाब म्हणजे काय, हें समजण्यास आठवीच्या विज्ञानाहून अधिक ज्ञान लागत नाहीं. हृदय मिनिटास सुमारें सत्तर वेळां आकुंचन पावतें, म्हणजे दिवसाकाठीं एक लाखाच्या आसपास. प्रत्येक आकुंचनासरशीं रक्त रोहिण्यांत ढकललें जातें व त्यांच्या भिंतींवर आंतून दाब पडतो. हृदय आकुंचित होतें त्या वेळचा जो दाब, तो वरचा आंकडा; दोन ठोक्यांच्या मध्यें हृदय विसांवतें त्या वेळचा, तो खालचा. १२०/८० ह्यांतील वरच्या आंकड्याचा अर्थ असा, कीं तो दाब १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरील. पारा पाण्याहून १३.६ पट जड. तेव्हां १२० ला १३.६ नें गुणावें. उत्तर १६३२ मिलिमीटर, म्हणजे सुमारें पांच फूट चार इंच उंचीचा पाण्याचा स्तंभ झाला. हाच आंकडा १८० असला तर स्तंभ आठ फुटांचा होतो. मामांच्या २१० चें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. इतका दाब मेंदूंतील केसासारख्या बारीक वाहिन्यांनीं रात्रंदिवस सोसावयाचा असतो.

हा दाब प्रथम कोणीं मोजिला, तीहि कथा मौजेची आहे. इंग्लंडांतील टेडिंग्टन गांवीं स्टीफन हेल्स नांवाचे एक पाद्री होते. धर्मोपदेशाच्या कामांतून उरलेला वेळ ते वनस्पति व प्राणी ह्यांवरील प्रयोगांत घालवीत. त्यांनीं एका घोडीच्या रोहिणींत नळी बसवून तिला उभी लांब कांचनळी जोडिली, तों रक्त नळींत आठ फूट तीन इंच चढलें. ही हकीकत त्यांनीं १७३३ सालीं प्रसिद्ध केली. माणसाच्या रोहिणींत अशी नळी कोण बसवूं देणार? म्हणून पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ हें ज्ञान वैद्यांच्या फारसें उपयोगी पडलें नाहीं. १८९६ सालीं इटलींतील रीव्हा-रोच्ची ह्यांनीं दंडास गुंडाळून हवेनें फुगवावयाचा पट्टा काढिला, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोट्कोव्ह ह्यांनीं पट्ट्याखालीं नळी लावून ठोक्यांचा आवाज ऐकण्याची रीत शोधून काढिली. दवाखान्यांत आज जें दिसतें तें ह्या दोघांचें देणें आहे.

निरनिराळ्या दिवशीं, स्वस्थ बसवून मोजला असतां दाब १४०/९० वा त्याहून अधिक भरूं लागला, म्हणजे उच्च रक्तदाब आहे असें बहुतेक ठिकाणचे डॉक्टर समजतात. ह्या दुखण्याचें वैगुण्य असें, कीं तें बहुधा दुखतच नाहीं. ताप आला तर अंग सांगतें, दांत किडला तर झोंप लागूं देत नाहीं. पण १६० किंवा १७० रक्तदाबाचा मनुष्य शेतांत नांगर धरतो, बाजारहाट करितो, हंसतो, बोलतो. वाळवी लागलेल्या तुळईचा रंग बाहेरून जसा चांगला दिसतो तसेंच हें आहे. आंत रोहिण्यांच्या भिंती जाड व ताठर होत असतात, हृदयाचा स्नायु जास्तीच्या श्रमानें फुगत असतो, मूत्रपिंडांतील बारीक गाळण्या निकामी होत असतात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त झिरपूं लागतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांत सुमारें १४० कोटी प्रौढ माणसांस उच्च रक्तदाब होता, आणि त्यांपैकीं जेमतेम पांचांतून एकाचाच दाब आटोक्यांत होता. बाकीच्यांत कित्येकांस आपणांस कांहीं झालें आहे ह्याचीच वार्ता नाहीं. कित्येक आमच्या मामांसारखे, औषध हातीं असून सोडून दिलेले.

औषध हातीं असणें ही केवढी गोष्ट आहे, हें मागच्या पिढ्यांकडे पाहिल्यावांचून कळत नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांचा रक्तदाब १९४४ सालच्या मार्च महिन्यांत १८६/१०८ होता. त्यांच्या दिमतीस देशांतील उत्तम वैद्य होते. परंतु दाब खात्रीनें खालीं आणील असें सोयीचें औषधच तेव्हां कोणाजवळ नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं त्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झाला. त्या वेळीं दाब ३००/१९० च्या वर गेला होता. त्याच दिवशीं त्यांचें निधन झालें. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षास जी गोळी मिळाली नाहीं, तीहून कितीतरी चांगली गोळी मामींच्या पत्र्याच्या डब्यांत पडून होती.

ह्या औषधांच्या इतिहासांत आपल्या मुंबईचाहि वांटा आहे, आणि तो विद्यार्थ्यांस ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें. सर्पगंधा नांवाच्या वनस्पतीचें मूळ आपल्याकडे फार पूर्वींपासून वापरण्यांत आहे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं तिच्या मुळानें रक्तदाब उतरतो असें लिहिलें. नंतर मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनीं पन्नास रुग्णांस तें देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेविल्या व त्या १९४९ सालीं इंग्लंडांतील हृदयरोगाच्या एका प्रमुख मासिकांत प्रसिद्ध केल्या. तेव्हां पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष तिकडे गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत त्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. आणि १९५७ सालीं डॉक्टर वकील ह्यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. आतां ह्याहून चांगलीं औषधें निघाल्यामुळें रेसर्पिन क्वचितच देतात. हें वाचून कोणी सर्पगंधेचें मूळ आणून उगाळील तर तें मात्र घातक ठरेल. मुळांत द्रव्य किती आहे तें डोळ्यांनीं दिसत नाहीं.

परंतु दाब उतरला म्हणजे मनुष्य खरोखर वांचतो काय, असा प्रश्न उरलाच होता. त्याचें उत्तर अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनीं दिलें. १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले होते. निम्म्यांस खऱ्या गोळ्या दिल्या, ज्यांत हें आपलें रेसर्पिनहि होतें; उरलेल्यांस तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. खोट्या गोळ्यांच्या गटांत २७ जणांस गंभीर विकार झाले. खऱ्या गोळ्यांच्या गटांत अवघ्या दोघांस.

ह्या प्रयोगाची एक युक्ति आम्हां शिक्षकांस फार आवडली. डॉक्टर एडवर्ड फ्राइस व त्यांचे सहकारी ह्यांस पक्कें ठाऊक होतें, कीं 'गोळ्या घेतों' असें तोंडानें सांगणारे सगळेच त्या घेत नाहींत. म्हणून प्रयोगापूर्वीं कांहीं काळ प्रत्येकास एक निरुपद्रवी गोळी दिली. तींत रायबोफ्लेविन हें जीवनसत्त्व मिसळलें होतें. तें पोटांत गेलें म्हणजे विशिष्ट प्रकाशाखालीं लघवी चकाकते. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजून घेत. जे नियमितपणाच्या ह्या परीक्षेंत उतरले नाहींत, त्यांस प्रयोगांत घेतलेंच नाहीं. (गृहपाठ स्वतः केला कीं शेजाऱ्याचा उतरविला हें ओळखण्यास असें एखादें जीवनसत्त्व असतें, तर आमचें केवढें काम हलकें झालें असतें!) सांगण्याचा भाग असा, कीं २७ आणि २ ह्यांतील अंतर ज्या गोळ्यांनीं पाडलें, त्या रोज घेतलेल्या गोळ्या होत्या.

रोज कां? एक दिवस चुकला तर काय होतें? विद्यार्थ्यांस नावडतें असें हौदाचें गणित येथें कामास येतें. एका हौदांत रोज सकाळीं एक घागर पाणी ओततात आणि बुडाशीं असलेल्या तोटींतून, आंत असेल त्याचा तिसरा हिस्सा, दिवसभरांत वाहून जातो. पहिल्या दिवशीं ओतल्यावर एक घागर. दुसऱ्या दिवशीं उरलेली दोन-तृतीयांश व नवी एक, मिळून १.६७. तिसऱ्या दिवशीं २.११. चौथ्या दिवशीं २.४१. असें चढत चढत आठवड्याअखेर पाणी २.८ घागरींच्या वर जातें आणि पुढें तीन घागरींच्या रेषेस जवळजवळ टेंकून तेथेंच राहतें. कारण तिन्हींचा तिसरा हिस्सा म्हणजे एक घागर वाहून जाते, तेवढीच नवी पडते. मामांची गोळी अम्लोडिपिनची होती, आणि तिचें शरीरांतील वर्तन बरेंचसें ह्या हौदासारखें असतें. तिचा निम्मा भाग नाहींसा होण्यास तीस ते पन्नास तास लागतात. म्हणूनच पहिल्याच दिवशीं ह्या गोळीचा पुरा गुण दिसत नाहीं. 'दोन दिवस घेतली, कांहीं फरक नाहीं' असें म्हणून ती टाकून देणारा मनुष्य हौद भरण्यापूर्वींच घागर खालीं ठेवतो.

आतां गणित उलट करूं. हौद तीन घागरींपर्यंत भरलेला आहे आणि आपण ओतणें बंद केलें. दुसऱ्या दिवशीं आंत दोन घागरी असतात. मनुष्य म्हणतो, 'गोळी चुकली, पण कांहींच झालें नाहीं.' तें खरें असतें. तिसऱ्या दिवशीं १.३३, चौथ्या दिवशीं ०.८९, आणि आठवडाभरानें हौदाच्या तळाशीं घागरीचा पांचवा भागहि उरत नाहीं. त्यानंतर कांहीं दिवसांत वा आठवड्यांत दाब हळूहळू आपल्या जुन्या जागीं जाऊन बसतो, आणि तो तेथें बसला आहे हें अंगास कळत नाहीं. मार्चपासून जुलैपर्यंत मामांस कांहींच वाटलें नव्हतें. उलट 'गोळीवांचून झकास चाललें आहे' असेंच ते मामींस सांगत.

सगळ्या औषधांचा हौद एवढा मोठा नसतो. कांहीं गोळ्यांचा एका दिवसांतच रिकामा होतो. त्यांची एक वेळ चुकली तरी दाब वर येऊं लागतो. क्लोनिडिन नांवाचें औषध एकाएकीं बंद केलें तर दाब पूर्वींपेक्षांहि वर उसळी मारतो. अटेनोलोल, मेटोप्रोलोल ह्या वर्गांतील गोळ्या हृदयविकाराच्या माणसानें अचानक सोडल्या तर छातींत कळा येण्याची किंवा हृदयविकाराचा झटका येण्याची भीति असते. आपली गोळी कोणत्या वर्गांतली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 'ती पांढरी, छोटी' एवढीच तिची ओळख. म्हणून कोणतीहि गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, हाच नियम सर्वांस लागू करावा लागतो.

गोळी चालू असती तर मामांस झटका आलाच नसता, असें छातीठोकपणें कोणीहि डॉक्टर म्हणणार नाहीं, आणि आम्हीहि म्हणत नाहीं. अनेक प्रयोग एकत्र तपासून निघालेला हिशेब असा आहे, कीं वरचा दाब दहानें उतरविला तर अर्धांगवायूचा धोका सुमारें एकचतुर्थांशानें कमी होतो. मामांचा दाब गोळीनें दहापेक्षां पुष्कळच अधिक उतरला होता.

लोक गोळ्या कां सोडतात, ह्याचीं कारणें ऐकावीं तेवढीं थोडीं. 'बरें वाटतें' हें पहिलें, त्याविषयीं वर लिहिलें. 'सवय लागेल' हें दुसरें. आणि हें बोलणारा पुष्कळदां तंबाखूची चंची उघडीत असतो. चष्मा लावणाऱ्यास चष्म्याचें व्यसन लागलें असें आपण म्हणत नाहीं. दृष्टि मंद आहे तोंवर तो लावावयाचा. रक्तदाबाच्या गोळीचें तसेंच आहे. ती दुखणें मुळासकट उपटून काढीत नाहीं, त्यास दाबून धरते. वजन उतरलें, मीठ कमी झालें, चालणें वाढलें, म्हणजे कांहीं जणांच्या गोळ्या डॉक्टर कमी करितात, क्वचित् थांबवितातहि. पण तें ते मोजून, पायरीपायरीनें करितात. मीठ दिवसाला पांच ग्रॅमच्या आंत असावें, म्हणजे एक लहान चमचाभर, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचें, पापड व सुकट ह्यांतच तेवढें संपतें.

गोळीनें त्रास होतो म्हणून सोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचें म्हणणें खोटें नसतें. अम्लोडिपिननें कांहीं जणांच्या घोट्यांवर सूज येते. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलनें कोरडा खोकला लागतो व खोकल्याचें औषध घेऊनहि तो जात नाहीं. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या रात्रीं घेतल्या तर झोंप मोडते. बसल्या जागेवरून एकदम उठतांना कोणास घेरी येते. ह्या प्रत्येकावर उपाय आहे. गोळी बदलतां येते, मात्रा कमी करितां येते, वेळ फिरवितां येते. पण डॉक्टरांस तें सांगावयास हवें. आमच्या लोकांस डॉक्टरांसमोर तक्रार करणें म्हणजे त्यांचा अपमान करणें असें वाटतें. मग ते तोंडावर 'हो' म्हणतात आणि घरीं येऊन पाकीट फडताळांत ठेवून देतात. पुढच्या खेपेस दाब चढलेला पाहून डॉक्टर समजतात कीं औषध पुरें पडत नाहीं, व आणखी एक गोळी वाढवितात. हा लपंडाव दोघांसहि महाग पडतो. गर्भवती स्त्रियांस, किंवा मूल व्हावें अशी इच्छा आहे त्यांस, ह्यांतील कांहीं औषधें वर्ज्य आहेत. त्यांनीं तें आधींच सांगावें.

पैशाचें कारणहि खरें आहे, विशेषतः एका घरांत दोघांस गोळ्या लागत असतील तर. एका पाकिटांत नवराबायकोंनीं भागविल्याचें आम्हीं पाहिलें आहे. एक दिवस त्यांनीं, एक दिवस हिनें. हौदाचें गणित ज्यास समजलें, त्यास ह्या काटकसरीचा निकाल सांगावयास नको. प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीं औषधें मोफत देण्यांत येतात. २०१७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमांत आपल्या राज्यांतील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभींच घेतले होते. रुग्णास एकदम महिनाभराच्या गोळ्या द्यावयाच्या व तो ठरल्या दिवशीं आला नाहीं तर त्याचा शोध घ्यावयाचा, अशी त्यांतील रीत. जनऔषधि केंद्रांत तींच औषधें पुष्कळ कमी किंमतींत मिळतात. तेथल्या पाकिटावर निराळें नांव दिसलें म्हणून घाबरूं नये. खालीं औषधाचें मूळ नांव व मात्रा छापलेली असते, ती चिठ्ठीशीं ताडून पाहावी. हें काम सातवींतील मुलगाहि करूं शकेल.

मुलांस करण्यासारखें आणखीहि आहे. ज्या घरांत आजोबा किंवा आजी, आई किंवा वडील ह्या गोळ्या घेतात, तेथें भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज एक खूण करण्याचें काम मुलानें पत्करावें. गोळी सकाळच्या चहाशीं किंवा दांत घासण्याशीं बांधून टाकावी, म्हणजे आठवण वेगळी ठेवावी लागत नाहीं. चुकलीच, आणि त्याच दिवशीं आठवली, तर तेव्हां घ्यावी. दुसऱ्या दिवशीं आठवली तर नेहमींची एकच घ्यावी, कालची व आजची मिळून दोन घेऊं नयेत. पाकिटांत सात गोळ्या उरल्या कीं नवें पाकीट आणावें. लग्नकार्यास किंवा गांवीं जातांना औषधें कपड्यांच्या आधीं पिशवींत पडावीं. उपवास एकादशीचा असो वा लेंतचा, पाण्याच्या घोंटाबरोबर गोळी घेण्यास कोणाची हरकत असल्याचें आम्हांस माहीत नाहीं. रमजानच्या रोजांत दिवसां ती घेतां येत नाहीं, म्हणून इफ्तारनंतरची वेळ डॉक्टरांकडून आधींच ठरवून घ्यावी. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ह्यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दाब वाढवितात व रक्तदाबाच्या औषधाचें काम हाणून पाडतात. त्या विचारल्यावांचून घेऊं नयेत.

आणि एखाद्याचें तोंड एकाएकीं वाकडें झालें, एक हात लुळा पडला, किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर वेळ पाहून ठेवावी व ताबडतोब १०८ क्रमांकास बोलवावें. गुठळीमुळें झटका आला असेल तर ती विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. अशा वेळीं घरांतील रक्तदाबाची गोळी जिभेखालीं ठेवणें, पाणी पाजणें, अंगारा लावीत बसणें, ह्यांत वेळ दवडूं नये. मामांस प्रथम पाहिलें तेव्हां 'चक्कर आली असेल' म्हणून आम्ही त्यांस कांदा हुंगवीत बसलों होतों. तींतच पाऊण तास गेला.

शाळेच्या कार्यालयांत रक्तदाब मोजण्याचें एक यंत्र ठेविलें आहे. पालकसभेच्या दिवशीं सभा संपल्यावर कोणीहि पालकानें येऊन दाब मोजवून घ्यावा. येण्यापूर्वीं अर्धा तास चहा व तंबाखू घेऊं नये, लघवीस जाऊन यावें. पाठ टेंकून, पाय जमिनीवर ठेवून, पांच मिनिटें न बोलतां बसावें लागेल. आंकडा निघाल्यावर 'बरे झालांत' किंवा 'बिघडलें' असें आम्ही कोणास कांहीं म्हणणार नाहीं. चिठ्ठीवर आंकडा लिहून देऊं, ती आपल्या डॉक्टरांस दाखवावी. गोळ्या चालू असतील त्यांनीं पाकिटें बरोबर आणावीं. वहींत नोंदी करण्याचें काम मामांनीं मागून घेतलें आहे. ते डाव्या हातानें लिहितात, म्हणून थोडा वेळ लागतो.